सॅटेलाइट डीएनए: एकच ओळ लाखो वेळा कशासाठी?

रेणुसूत्र

१९६१ साली सॉल किट यांनी प्राण्यांच्या ऊतींमधून काढलेला डीएनए सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात मिसळून अतिवेगवान अपकेंद्री यंत्रात दीर्घकाळ फिरवला. या पद्धतीत द्रावणाची घनता वरून खाली वाढत जाते आणि डीएनएचा प्रत्येक तुकडा आपल्या घनतेशी जुळणाऱ्या थरात जाऊन स्थिरावतो. उंदराचा बहुतेक डीएनए दर घन सेंटिमीटरला सुमारे १.७०१ ग्रॅम घनतेवर एका पट्ट्यात जमला. पण त्याच्या थोडा वर, सुमारे १.६९० घनतेवर, आणखी एक लहान आणि रेखीव पट्टा दिसला. मुख्य पट्ट्यालगतच्या या उपपट्ट्याला सॅटेलाइट म्हटले गेले आणि त्यातल्या डीएनएला तेच नाव कायमचे चिकटले.

हा पट्टा वेगळा का पडला, याचे उत्तर १९६८ साली रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहन यांच्या प्रयोगांतून मिळाले. डीएनएचे दोन धागे उष्णतेने सुटे केले आणि द्रावण थंड होऊ दिले, तर प्रत्येक धागा आपला पूरक जोडीदार शोधतो. ज्या क्रमाच्या प्रती कमी, त्याला जोडीदार सापडायला वेळ लागतो. उंदराच्या डीएनएचा जवळजवळ दहावा हिस्सा मात्र इतक्या झपाट्याने जुळला की त्यात एकच छोटा क्रम सुमारे दहा लाख वेळा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. पुढे या क्रमाची लांबी २३४ बेस-जोड्या (डीएनएची जोडीने येणारी अक्षरे) असल्याचे ठरले. त्यात ए आणि टी या बेसचे प्रमाण जास्त असल्यामुळे त्याची घनता कमी भरते. १९७० मध्ये मेरी लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनी किरणोत्सारी खूण लावलेला हाच क्रम थेट गुणसूत्रांवर जुळवून दाखवला, तेव्हा तो सेंट्रोमिअरच्या आसपासच्या हेटरोक्रोमॅटिनमध्ये, म्हणजे गुणसूत्राच्या घट्ट आवळलेल्या भागात, एकवटलेला आढळला.

म्हणजे साठ आणि सत्तरच्या दशकांच्या वळणावर तीन गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. हा डीएनए प्रथिने घडवत नाही, तो एकाला एक लागून हजारो-लाखो वेळा येतो, आणि पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्र जिथे तर्कूच्या (गुणसूत्रे ओढून वाटणाऱ्या यंत्रणेच्या) धाग्यांना जोडले जाते त्या जागेभोवती, म्हणजे सेंट्रोमिअरभोवती, तो साठलेला असतो. तिथून पुढे अर्धे शतक या विषयावरचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: हे सारे कामाचे की अडगळीचे? १९७१ मध्ये युनिस आणि यास्मिने यांनी या डीएनएला गुणसूत्राच्या रचनेत महत्त्वाची भूमिका असल्याचे मांडले. १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांनी जीनोममधल्या, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएमधल्या, निरुपयोगी भागासाठी 'जंक डीएनए' हा शब्दप्रयोग रूढ केला. १९८० मध्ये ऑर्गेल आणि क्रिक यांनी, आणि त्याच वेळी डूलिटल आणि सापिएंझा यांनी, 'स्वार्थी डीएनए'ची कल्पना पुढे आणली: एखादा क्रम शरीराच्या उपयोगी पडत नसला तरी स्वतःच्या प्रती वाढवू शकतो म्हणून टिकतो, आणि त्याच्या अस्तित्वासाठी वेगळे कारण शोधण्याची गरज नाही.

हा धागा काढण्याचे कारण असे की मला हा प्रश्नच चुकीच्या जागी मांडला गेल्याचे वाटते. सॅटेलाइट डीएनएच्या अक्षरक्रमात अर्थ शोधला तर तो बहुधा सापडत नाही, कारण जवळच्या दोन प्रजातींतही हे क्रम वेगवेगळे असतात. पण 'एकच क्रम लांबच लांब पुनरावृत्त झालेला असणे' ही एक भौतिक स्थिती आहे. तिचे पेशीवर परिणाम होतात, आणि ते परिणाम कधी पेशीच्या फायद्याचे, कधी तोट्याचे, तर कधी फक्त त्या क्रमाच्या स्वतःच्या फायद्याचे असतात.

मानवाचे उदाहरण घेऊ. आपल्या प्रत्येक सेंट्रोमिअरवर अल्फा सॅटेलाइट नावाचा क्रम आहे. त्याचा एकक सुमारे १७१ बेस-जोड्यांचा असतो. शेजारशेजारच्या एककांमध्ये २० ते ४० टक्के फरक असू शकतो. परंतु अनेक एककांचा मिळून एक मोठा गट तयार होतो आणि तो गट मात्र जवळजवळ हुबेहूब पुन्हापुन्हा येतो. एक्स गुणसूत्रावर असा गट १२ एककांचा, सुमारे २,००० बेस-जोड्यांचा आहे. २०२० मध्ये एक्स गुणसूत्राचा अखंड क्रम प्रथमच हाती आला, तेव्हा या गटाची सलग रांग सुमारे ३१ लाख बेस-जोड्यांची निघाली.

मानवी जीनोम 'पूर्ण' झाल्याची घोषणा २००३ मध्ये झाली होती, पण त्यात सुमारे ८ टक्के भाग गाळलेलाच होता, आणि त्यातला फार मोठा वाटा याच रांगांचा होता. छोटे छोटे तुकडे वाचून ते टोकाला टोक जुळवत जाण्याची पद्धत इथे हतबल ठरते, कारण सगळेच तुकडे सारखे दिसतात. दीर्घ वाचन करणारी तंत्रे आल्यानंतर 'टेलोमिअर टू टेलोमिअर' संघाने २०२२ मध्ये ही पोकळी भरून काढली. त्यासाठी त्यांनी द्राक्षगर्भापासून मिळवलेल्या सीएचएम१३ या पेशींचा वापर केला. अशा गर्भात गुणसूत्रांचे दोन्ही संच पित्याकडून आलेले आणि एकसारखे असतात, त्यामुळे दोन किंचित वेगळ्या रांगांची सरमिसळ होण्याची अडचण टळते. सेंट्रोमिअरमधले आणि त्यांच्या भोवतीचे पुनरावृत्त भाग मिळून आपल्या जीनोमचा सुमारे ६.२ टक्के हिस्सा व्यापतात, असे त्या कामातून दिसले. प्रथिने घडवणारा भाग दीड टक्क्याच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे वजन कळते.

वाचकांनी आपापली मते आणि प्रश्न अवश्य लिहावेत.

शंतनू_वै

लेख मन लावून वाचला. ऐतिहासिक भाग उत्तम उतरला आहे, पण मूळ दाव्याबाबत मला शंका आहे आणि ती स्पष्टपणे मांडतो.

२०१२ मध्ये एन्कोड प्रकल्पाने मानवी जीनोमचा ८० टक्के भाग 'कार्यरत' असल्याचे जाहीर केले, तेव्हा जैवरासायनिक हालचाल म्हणजेच उपयोग, असे समीकरण मांडले गेले आणि त्यावर सडकून टीका झाली. कांद्याचा जीनोम आपल्या सुमारे पाचपट मोठा आहे. प्रत्येक अक्षराला काम असेल, तर कांद्याला माणसाच्या पाचपट सूचना का लागाव्यात, याचे उत्तर द्यावे लागेल. सॅटेलाइटच्या बाबतीत तर हा पेच अधिकच तीव्र आहे. ड्रोसोफिला व्हिरिलिस या माशीच्या जीनोमचा ४० टक्क्यांहून अधिक भाग सात-सात बेसच्या तीन क्रमांनी भरलेला आहे आणि ते तिन्ही क्रम एकमेकांपासून एखाद्या अक्षराने वेगळे आहेत. उत्तर अमेरिकेतल्या कांगारू रॅटच्या एका प्रजातीत तर निम्म्याहून अधिक डीएनए सॅटेलाइटचा असल्याचे सत्तरच्या दशकातच नोंदले गेले. तिच्या नात्यातल्या इतर प्रजाती यापेक्षा कितीतरी कमी सॅटेलाइटवर व्यवस्थित जगतात.

दुसरा मुद्दा सेंट्रोमिअरचा. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात एका व्यक्तीच्या दहाव्या गुणसूत्राचा असा बदललेला तुकडा सापडला, की त्यात अल्फा सॅटेलाइट नव्हताच, तरीही तो पेशीविभाजनात नीट वाटला जात होता. नेहमीच्या जागेपासून दूर नवा सेंट्रोमिअर तयार झाला होता. त्यानंतर अशी उदाहरणे अनेक मिळाली. २००९ मध्ये घोड्याचा जीनोम वाचला गेला, तेव्हा त्याच्या अकराव्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर सॅटेलाइट नसल्याचे आढळले. तो सेंट्रोमिअर तर संपूर्ण प्रजातीत प्रस्थापित आहे. मग सॅटेलाइटशिवाय काम चालत असताना सॅटेलाइटचे काम कोणते म्हणायचे?

रेणुसूत्र

शंतनू, तुमचे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत आणि ते वगळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिताच येणार नाही. सेंट्रोमिअर कुठे असावा हे मुख्यतः सेन्प-ए या प्रथिनावरून ठरते. हे हिस्टोन एच३ या डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनाचे वेगळे रूप आहे, आणि ते जिथे बसलेले असते तिथेच पुढच्या पिढीच्या पेशीतही बसवले जाते. म्हणजे ही स्मृती अक्षरांत नसून प्रथिनांत आहे. त्यामुळे सॅटेलाइट अनिवार्य नाही, हे बरोबर.

पण अनिवार्य नसलेली गोष्ट निष्प्रभ असते असे नाही. १९९७ मध्ये हंटिंग्टन विलार्ड यांच्या गटाने मानवी पेशींत कृत्रिम गुणसूत्र तयार केले, तेव्हा त्यांनी अल्फा सॅटेलाइटच्या लांब कृत्रिम रांगा वापरल्या आणि त्यांवर नवे सेंट्रोमिअर उभे राहिले. या एककांपैकी अनेकांत १७ बेसची एक खूण असते, तिला सेन्प-बी हे प्रथिन चिकटते आणि सेंट्रोमिअरच्या उभारणीला हातभार लावते. तरीही वाय गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर ही खूण नाही, आणि सेन्प-बीचे जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात. एकच काम अनेक मार्गांनी होऊ शकते आणि सॅटेलाइट त्यांपैकी एक बळकट मार्ग आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

घोड्याचे उदाहरण मला उलट दिशेने बोलके वाटते. नवा सेंट्रोमिअर सॅटेलाइटविना सुरू होऊ शकतो, पण जुने, प्रस्थापित सेंट्रोमिअर पाहिले तर बहुतेक प्राण्यांत आणि वनस्पतींत तिथे सॅटेलाइट साठलेला असतोच. माणसात १७१, अरबिडोप्सिसमध्ये १७८, भातात १५५ बेस-जोड्यांचा. क्रमांचे परस्परांशी काहीही नाते नाही, पण लांबी एका न्यूक्लिओसोमभोवती (हिस्टोनांच्या एका रिळाभोवती) गुंडाळल्या जाणाऱ्या डीएनएच्या आसपास. भाताच्या आठव्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर २००४ मध्ये पूर्ण वाचला गेला तेव्हा त्यात सक्रिय जनुकेही सापडली, म्हणून तो अजून 'तरुण' असावा असा अंदाज बांधला गेला. वय वाढेल तशी तिथे पुनरावृत्ती जमत जाते.

ती का जमते, याचे सर्वांत विचारप्रवर्तक उत्तर २००१ मध्ये स्टीव्हन हेनिकॉफ, कामी अहमद आणि हरमित मलिक यांनी दिले. सेंट्रोमिअरचे काम सर्व सजीवांत तेच असताना त्याचा डीएनए आणि त्याला चिकटणारी प्रथिने इतक्या वेगाने का बदलतात, हा त्यांचा प्रश्न होता. मादीच्या अर्धसूत्री विभाजनात चार संचांपैकी एकच बीजांडात राहतो आणि बाकीचे ध्रुवीय पिंडांत जाऊन नष्ट होतात. त्यामुळे जो सेंट्रोमिअर तर्कूशी अशा रीतीने जोडला जाईल की तो बीजांडाच्या बाजूला राहील, त्याला पुढच्या पिढीत अर्ध्याहून अधिक वाटा मिळेल. रांग लांबली, अधिक प्रथिने खेचली गेली, की ही संधी वाढते. शरीराला त्याचा काडीचा फायदा नसला तरी असा सेंट्रोमिअर पसरतो. मग त्याच्या दुष्परिणामांना, विशेषतः नराच्या प्रजननक्षमतेवर येणाऱ्या संकटाला, आवर घालण्यासाठी प्रथिने बदलतात. आणि ही स्पर्धा थांबत नाही.

ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही. मिम्युलस या पिवळ्या रानफुलाच्या दोन प्रजातींच्या संकरात एका गुणसूत्राची विशिष्ट आवृत्ती मादीमार्गे ९८ टक्क्यांहून अधिक वेळा पुढे जाते, असे लीला फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि त्या आवृत्तीत सेंट्रोमिअरच्या सॅटेलाइटची मोठी दुप्पट झालेली रांग आहे. ज्या झाडात तिच्या दोन्ही प्रती असतात, त्याच्या परागकणांची जननक्षमता घटते. उंदरांतही मायकेल लॅम्पसन यांच्या प्रयोगशाळेने लांब रांगा असलेले 'बलवान' सेंट्रोमिअर बीजांडाच्या बाजूला कसे राहतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले.

तेव्हा कांद्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की डीएनएचे प्रमाण हे कामाचे मोजमाप नाही. रांग किती लांब आहे यामागे स्वतःचा वाटा वाढवण्याची धडपडही असू शकते आणि केवळ योगायोगही.

गणिती_मन

योगायोगाच्या बाजूबद्दल थोडी भर घालतो, कारण या विषयातला सर्वांत देखणा युक्तिवाद मला तोच वाटतो.

१९७६ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी असे दाखवले, की कोणत्याही निवडीविना, केवळ असमान देवाणघेवाणीमुळे, डीएनएत पुनरावृत्त रांगा आपोआप तयार होतील. (फेज डिस्प्लेसाठी २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले स्मिथ ते हेच.) दोन सारख्या रांगा एकमेकींशी जुळताना सदऱ्याची बटणे एक काज सोडून लागावीत तशी सरकून जुळल्या आणि तिथे तुकड्यांची अदलाबदल झाली, तर एक रांग लांबते आणि दुसरी आखूड होते. हे पिढ्यान् पिढ्या होत राहिले की काही एकके अनेक पटींनी वाढतात, काही नाहीशी होतात, आणि अखेर संपूर्ण रांग कधीकाळच्या एकाच एककाची वंशज बनते. मग नवे उत्परिवर्तन आले, तरी ते एक तर पुसले जाते किंवा सगळीकडे पसरते. एकाच रांगेतील एकके परस्परांशी इतकी सारखी आणि शेजारच्या प्रजातीतल्या एककांहून इतकी वेगळी का असतात, याचे उत्तर इथे आहे. या सामुदायिक उत्क्रांतीला गॅब्रिएल डोव्हर यांनी १९८२ मध्ये 'मॉलिक्युलर ड्राइव्ह' म्हटले.

मी अशा प्रक्रियेचे अनुकरण संगणकावर करून पाहिले आहे. सुरुवातीला यादृच्छिक क्रम दिला तरी पुरेशा पिढ्यांनंतर त्यात लयबद्ध पुनरावृत्ती दिसू लागते, आणि एककाची लांबी कोणती निघेल याचे भाकीत करता येत नाही. रेणुसूत्र यांनी वर सांगितलेली दोन पातळ्यांची रचना, म्हणजे आतली एकके भिन्न पण त्यांचे गट हुबेहूब, हीसुद्धा त्यातून उमटते. देवाणघेवाण बारा-बारा एककांनी सरकून होऊ लागली, की ती बाराची टोळीच नवे एकक बनते.

इथे एक प्रश्न उरतो. जर रांगा आपोआप लांबतात आणि आखडतात, तर त्या प्रजातींमध्ये एवढ्या अचानक का बदलतात? एका प्रजातीत मुख्य असलेला सॅटेलाइट दुसरीत जवळपास दिसतच नाही, हे संथ अपवहनाने, म्हणजे योगायोगाने हळूहळू साचणाऱ्या बदलाने, कसे घडेल?

रेणुसूत्र

याचे उत्तर 'लायब्ररी' गृहीतकात आहे. १९७७ मध्ये फ्राय आणि साल्सर यांनी मांडले, की नात्यातल्या प्रजातींना पूर्वजांकडून अनेक सॅटेलाइटचा संग्रहच मिळालेला असतो. त्यातला एखादा एका वंशात झपाट्याने वाढतो आणि बाकीचे अल्प प्रतींत पडून राहतात. त्यामुळे वरवर दिसणारा नवा सॅटेलाइट बहुधा नवा नसतो, जुन्यालाच उधाण आलेले असते. १९९८ मध्ये झाग्रेबच्या संशोधकांनी पॅलोरस या भुंग्यांच्या चार प्रजाती तपासल्या. प्रत्येकीत वेगळाच सॅटेलाइट मुख्य होता, पण बाकी तीन प्रजातींचे सॅटेलाइटही तिच्यात अल्प प्रमाणात हजर होते.

माणसामाणसांतला फरकही लहान नाही. २०२४ मध्ये दोन मानवी जीनोमच्या सर्व सेंट्रोमिअरची अक्षरशः तुलना झाली, तेव्हा काही गुणसूत्रांवर रांगांच्या लांबीत तिप्पटीपर्यंत तफावत आढळली, आणि एकेका अक्षराच्या फरकाचे प्रमाण जीनोमच्या इतर भागांच्या चौपटीहून अधिक निघाले.

माधवी_प्र

मी गुणसूत्र तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून या चर्चेचा एक व्यावहारिक पैलू सांगावासा वाटतो, कारण तो अनेक कुटुंबांच्या मनःशांतीशी निगडित आहे.

वारंवार गर्भपात होत असल्यामुळे किंवा मूल होत नसल्यामुळे दांपत्याची कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि आकार पाहणारी) तपासणी होते आणि अहवालात '९क्यूएच+' किंवा 'इन्व्ह ९' असे काहीतरी लिहून येते. लोक ते इंटरनेटवर शोधतात आणि घाबरून जातात. हा नेमका आपल्या विषयाचाच भाग आहे. पहिल्या, नवव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांवर सेंट्रोमिअरलगत, तसेच वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर, सॅटेलाइट डीएनएचे मोठे गठ्ठे आहेत. नवव्या गुणसूत्रावरचा एचसॅट३ या सॅटेलाइटचा गठ्ठा तर २०२२ च्या क्रमात सुमारे २ कोटी ७६ लाख बेस-जोड्यांचा निघाला. हे गठ्ठे प्रत्येक व्यक्तीत कमी-अधिक लांबीचे असतात आणि सी-बँडिंग पद्धतीने रंगवले की ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. 'क्यूएच+' याचा अर्थ एवढाच की लांब भुजेवरचा हा भाग नेहमीपेक्षा मोठा आहे. नवव्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअरभोवतीचा भाग उलटलेला असणे हेही दर शंभरांत एक ते तीन व्यक्तींमध्ये आढळते. दोन्ही गोष्टी सामान्य वैविध्य म्हणून धरल्या जातात. वंध्यत्वाशी त्यांचा संबंध असल्याचे दावे अधूनमधून येतात, पण केवळ अशा नोंदीवरून उपचार ठरवले जात नाहीत. ज्यांच्या हाती असा अहवाल आला असेल, त्यांनी जनुकीय समुपदेशकाशी बोलून घ्यावे आणि त्यालाच कारण समजून इतर तपासण्या थांबवू नयेत.

मात्र हे गठ्ठे नेहमीच मूक असतात असेही नाही. पेशीला उष्णतेचा धक्का बसला, की एचएसएफ१ हे प्रथिन नवव्या गुणसूत्रावरच्या याच एचसॅट३ वर गोळा होते आणि एरवी शांत असलेल्या या भागातून आरएनए तयार होऊ लागतो. डीएनएवर मिथाइल गट बसवणाऱ्या डीएनएमटी३बी या जनुकात बिघाड असेल, तर पहिल्या, नवव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांचे हेच भाग सैल पडतात, गुणसूत्रे एकमेकांत अडकतात आणि प्रतिकारशक्ती ढासळते. त्या दुर्मीळ आजाराला आयसीएफ सिंड्रोम म्हणतात. रांगेची लांबी थेट आजार ठरवते असे स्पष्ट उदाहरण चौथ्या गुणसूत्राच्या टोकाचे आहे. तिथे ३,३०० बेस-जोड्यांचे डी४झेड४ हे एकक बहुतेकांत अकरा किंवा त्याहून अधिक वेळा असते. ते दहा किंवा त्याहून कमी उरले आणि शेजारचा क्रम विशिष्ट प्रकारचा असला, तर डक्स४ हे दडपलेले जनुक जागे होऊन चेहरा, खांदे आणि दंडाचे स्नायू क्षीण करणारा आजार होऊ शकतो. पुनरावृत्तीमुळे तो भाग बंद राहत होता, हे तिच्या कमतरतेमुळे कळते.

जंगलवाट

मला रेण्वीय जीवशास्त्रातले फार कळत नाही, पण सापांचा अभ्यासक म्हणून एक प्रश्न आहे. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएवरून भारतात गुन्हे उकलले गेले, असे मी अनेकदा ऐकले आहे. त्यात कितपत तथ्य आहे आणि त्याचा या विषयाशी संबंध आहे का?

रेणुसूत्र

तथ्य आहे, आणि संबंध अगदी थेट आहे. विदर्भाच्या पूर्व भागातल्या जंगलांत आढळणारी हीच पट्टेरी मण्यार. लालजी सिंग यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर काम केले आणि पुढे एडिनबरा येथे केन जोन्स यांच्यासोबत या सापाच्या मादीच्या डीएनएतून एक लहान सॅटेलाइट वेगळा केला. सापांत मादीची लिंगगुणसूत्रे झेड आणि डब्ल्यू अशी असतात, आणि हा सॅटेलाइट डब्ल्यूवर एकवटलेला होता. 'बँडेड क्रेट मायनर' यावरून त्याला बीकेएम म्हणतात. त्याचा गाभा म्हणजे जीएटीए या चार अक्षरांची पुनरावृत्ती. तोच क्रम उंदराच्या वाय गुणसूत्रावरही एकवटलेला सापडला, तेव्हा लिंगनिश्चितीचे रहस्य यातच असावे अशी आशा निर्माण झाली. १९९० मध्ये एसआरवाय हे जनुक सापडल्यावर ती दिशा बदलली.

पण या क्रमाच्या रांगा व्यक्तीगणिक वेगवेगळ्या लांबीच्या असतात, आणि तीच त्याची उपयुक्तता ठरली. इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये मिनिसॅटेलाइट या आखूड पुनरावृत्त रांगांच्या साहाय्याने डीएनए ठसे मिळवले होते. लालजी सिंग यांनी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत १९८८ मध्ये बीकेएमपासून बनवलेल्या शोधक तुकड्याने (प्रोबने) भारतीय पद्धत विकसित केली, आणि पितृत्वाचे दावे व गुन्हे यांत ती न्यायालयांसमोर आली. काटेकोर वर्गीकरणात चार अक्षरांची पुनरावृत्ती आज मायक्रोसॅटेलाइटमध्ये मोडते, पण तिचा शोध सॅटेलाइट म्हणूनच लागला.

जंगलांचा विषय निघालाच आहे तर भेकराचाही उल्लेख करतो. सह्याद्रीत सहज ऐकू येणाऱ्या या हरणाच्या मादीत अवघी सहा गुणसूत्रे असतात आणि नरात सात. सस्तन प्राण्यांत ही सर्वांत कमी संख्या आहे. त्याच्याच कुळातल्या चिनी भेकरात ४६ असतात. गुणसूत्रे टोकाला टोक जोडली जात ही संख्या घटली, याचा एक महत्त्वाचा पुरावा सॅटेलाइटनेच दिला: चिनी भेकराच्या सेंट्रोमिअरजवळचा सॅटेलाइट आपल्या भेकराच्या गुणसूत्रांवर भुजांच्या मधोमध, जुन्या सांध्यांच्या जागी, उरलेला आढळतो.

शंतनू_वै

डी४झेड४ आणि मिम्युलस ही उदाहरणे मला पटली, पण एक आक्षेप कायम आहे. रांगेचा परिणाम होतो हे दाखवणे वेगळे आणि ती रांग त्या परिणामासाठी नैसर्गिक निवडीने टिकवली आहे हे दाखवणे वेगळे. एखादा सॅटेलाइट काढून टाकला आणि सजीवाचे नुकसान झाले, असा थेट प्रयोग कुणी केला आहे का?

रेणुसूत्र

केला आहे, आणि या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे.

ड्रोसोफिला मेलानोगास्टर या फळमाशीत 'सेग्रिगेशन डिस्टॉर्टर' नावाची एक प्रणाली १९५०च्या दशकात सापडली. हे गुणसूत्र ज्या नरात असते तो आपल्या ९५ टक्क्यांहून अधिक संततीला तेच देतो, कारण जोडीचे दुसरे गुणसूत्र असलेल्या शुक्रपेशी परिपक्व होताना बिघडतात. बिघाडाचे लक्ष्य असलेली जागा म्हणजे 'रिस्पॉन्डर', आणि ती सुमारे १२० बेस-जोड्यांच्या सॅटेलाइटची रांग निघाली. रांग जितकी लांब, तितकी ती या हल्ल्याला अधिक बळी पडते. मग निसर्गातल्या माश्यांमध्ये ही रांग नाहीशी का झाली नाही? १९८९ मध्ये चुंग-आय वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रांग असलेल्या आणि रांग काढून टाकलेल्या माश्या एकत्र वाढवल्या, तेव्हा रांग नसलेल्या माश्या स्पर्धेत मागे पडत गेल्या. ज्या सॅटेलाइटला कोणी काम सांगू शकत नव्हते, त्याच्या अनुपस्थितीची किंमत मोजता आली.

किंमत का मोजावी लागते, याचे एक संभाव्य उत्तर २०१८ मध्ये माधव जगन्नाथन आणि युकिको यामाशिता यांच्या कामातून पुढे आले. पेशी विभाजित होत नसते तेव्हा वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे सॅटेलाइट त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांमुळे एकत्र येऊन क्रोमोसेंटर नावाचा पुंजका बनवतात. माशीतले डी१ हे प्रथिन किंवा उंदराच्या पेशींतले एचएमजीए१ हे प्रथिन काढले, की पुंजका विस्कटतो, गुणसूत्रे केंद्रकातून बाहेर निसटून लहान लहान केंद्रके बनतात, डीएनएला इजा होते आणि पेशी मरते. सगळी गुणसूत्रे एकाच केंद्रकात बांधून ठेवणे, हे काम त्यांनी सॅटेलाइटकडे सोपवले. या कामाला विशिष्ट अक्षरक्रम लागत नाही. प्रत्येक गुणसूत्रावर पुनरावृत्ती हवी आणि तिला धरणारे त्या प्रजातीचे प्रथिन हवे, एवढे पुरते.

आता याच्या उलट बाजूचा पुरावा पाहा. ड्रोसोफिला सिम्युलन्सच्या मादीचा मेलानोगास्टरच्या नराशी संकर केला, तर मुली भ्रूणावस्थेतच मरतात. २००९ मध्ये पॅट्रिक फेरी आणि डॅनियल बार्बाश यांनी त्याचे कारण दाखवले. पित्याकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर ३५९ बेस-जोड्यांच्या सॅटेलाइटचा प्रचंड गठ्ठा आहे, आणि सिम्युलन्समध्ये तसा गठ्ठा नाही. आईच्या बीजांडातील द्रव्यांना तो नीट आवळून घेता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या विभाजनांत हे गुणसूत्र मागे रेंगाळते आणि ताणले जाते. ज्या मेलानोगास्टर नरांच्या एक्सवर हा गठ्ठा नाही, त्यांच्या संकर मुली जगतात.

शंतनू, तुमच्या आक्षेपाला माझे उत्तर म्हणून ही तीन उदाहरणे शेजारी ठेवतो. रिस्पॉन्डरची रांग काढली तर नुकसान होते. क्रोमोसेंटर बांधण्यासाठी रांगा लागतात, पण कोणत्या याला महत्त्व नाही. ३५९चा गठ्ठा स्वतःच्या प्रजातीत निरुपद्रवी आहे आणि शेजारच्या प्रजातीत प्राणघातक. सॅटेलाइट डीएनए या एका नावाखाली वेगवेगळ्या इतिहासांच्या रांगा आल्या आहेत, आणि प्रत्येक रांगेसाठी काढून पाहण्याचा प्रयोग स्वतंत्रपणे करावा लागेल. मानवी पेशींत इतके लांब गठ्ठे नेमके कापून काढणे अजून अतिशय अवघड आहे. पण २०२२ पासून निदान त्यांचा अखंड नकाशा हाती आहे, त्यामुळे कुठे कापायचे हे तरी कळते. २०२३ मध्ये वाय गुणसूत्राचाही ६ कोटी २४ लाख बेस-जोड्यांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. त्याच्या लांब भुजेचा निम्म्याहून मोठा भाग दोन सॅटेलाइटच्या आलटून पालटून येणाऱ्या गठ्ठ्यांनी व्यापलेला आहे, आणि या भागाची लांबी पुरुषापुरुषांत खूप बदलते. पुढच्या भागात मी त्यावरच लिहीन. माधवीताई, तुमच्याकडच्या तपासण्यांमध्ये वायच्या या भागाच्या लांबीत पिता आणि पुत्र यांच्यात दृश्य फरक कधी आढळतो का, हे सांगता आले तर त्या लेखासाठी मोलाचे ठरेल.

माधवी_प्र

सी-बँडिंगमध्ये तरी पिता आणि पुत्र यांचा वाय बहुतेक वेळा सारखाच दिसतो. म्हणूनच एखाद्या मुलाचा वाय नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड दिसला, तर आम्ही प्रथम वडिलांची तपासणी करतो. त्यांच्यातही तो तसाच निघाला की कुटुंबातले वैविध्य म्हणून नोंद होते. अर्थात सूक्ष्मदर्शकाला दिसणारा फरक लक्षावधी बेस-जोड्यांचा असावा लागतो. एका पिढीत दहा-वीस एकके वाढली किंवा घटली, तर ती आमच्या नजरेला येणार नाहीत. ते दीर्घ वाचनाच्या तंत्रांनाच पाहता येईल.